आफ्टरमॅथमधलं मॅथ गणिताचं नाहीये: या चुका टाळा

भाषांतर करत मला बरीच वर्षं झाली, पण आफ्टरमॅथ (एखाद्या मोठ्या घटनेनंतर मागे उरणारी परिस्थिती) या एका इंग्रजी शब्दाने जेवढं छळलंय तेवढं पैसे थकवणाऱ्यांनीपण नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डिक्शनरी न उघडता शब्दाचे दोन तुकडे करायचे आणि अर्थ लावून मोकळं व्हायचं. आमच्याकडे एक नवीन मुलगा आला होता, हुशार, टायपिंग तुफान, पण घाई अशी की वाक्य वाचून व्हायच्या आत भाषांतर तयार. पुराची बातमी होती, पान छपाईला सोडायची वेळ झालेली, आणि याने हेडिंग दिलं ‘पुरानंतरचं गणित’. मला वाटलं नुकसानीचा हिशोब असेल, बरं सुचलंय की, आणि मी पान सोडलं. आत बातमीत आकडा एकही नाही, नुसता चिखल आणि पडलेली घरं. दुसऱ्या दिवशी बोलणी मी खाल्ली. त्याला विचारलं तर म्हणे, "ताई, आफ्टर म्हणजे नंतर, मॅथ म्हणजे गणित, त्यात बघायचं काय?"

बघायचं हे की गणितवालं मॅथ ग्रीकमधून आलंय, आणि हे मॅथ जुन्या इंग्रजीतलं, अर्थ गवताची कापणी. लॉन मोअरमधला ‘मो’ आणि कुरणाचा ‘मेडो’ याच्याच भाऊबंदकीतले. उन्हाळ्यात कुरण कापून गवत वाळवायला टाकलं की त्याच जमिनीत परत जे फुटतं ते आफ्टरमॅथ. 16व्या शतकात शब्द याच अर्थाने सापडतो, घटनांना तो लागला 17व्या शतकात. आपल्याकडे लसूणघास कापल्यावर आठवड्यात खुंटांना कोवळे हिरवे फुटवे दिसतात ना, डोळ्यासमोर ते आणा. उसाच्या गावचे असाल तर खोडवा म्हटलं की एका शब्दात काम झालं.

मॅथ म्हणजे आपलं मंथन, असा मेसेज फॉरवर्ड करू नका. तिकडे घुसळणं, इकडे कापणं. आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

आफ्टरशॉक वेगळा, तो भूकंपानंतरचा धक्का. कृपा करा.

दुसरं पीक म्हणून गहू-बार्लीपण घुसडू नका, शब्द गवताचाच आहे. इंग्लंडात विल्टशायरमधल्या क्रिकलेडचं नॉर्थ मेडो हे कुरण बघा, उन्हाळ्यात तिथलं गवत कापतात आणि मग 12 ऑगस्ट ते 12 फेब्रुवारी गावाची जनावरं त्या फुटव्यावर चरतात. अशा कुरणांचा जुना मुहूर्त 1 ऑगस्टचा, लॅमसचा, म्हणजे नव्या गव्हाच्या पावाचा सण. 1752 मध्ये कॅलेंडर बदललं, 11 दिवस गळाले आणि तारीख 12 वर सरकली.

माझी सवय सांगते, पटली तर घ्या. डिक्शनरीत आधी सगळ्यात जुना अर्थ वाचते, मग इंग्रजी वाक्य झाकून ठेवते आणि मराठीत काय म्हणालो असतो ते मोठ्याने बोलून बघते. पुराच्या बातमीला ‘पूर ओसरल्यावर’ पुरतं. दरवेळी ‘परिणाम’ चिकटवणारे मला आळशी वाटतात, अ‍ॅपमधून उचलणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि हो, जुन्या शेतीच्या इंग्रजीत या फुटव्याच्या गवताला ‘फॉग’पण म्हणतात. गायी फॉगमध्ये सोडल्या असं वाचलंत तर धुकं लिहू नका, मी एकदा लिहिलंय.