मोबाइलवर गवंडीकाम शिकताय? या चुका टाळा

व्हिडिओ बघून गवंडीकाम शिकायला माझी ना नाही. पण चार-सहा महिन्यांत थापी-ओळंबा विकत घेऊन थेट घराचं काम अंगावर घेणारी पोरं जळगाव-धुळ्याकडे वाढली आहेत, आणि त्यांच्या हातून बिघडलेल्या भिंती दुरुस्त करायला आम्हाला बोलावतात. चुका त्याच त्याच असतात.

सगळ्यात महाग पडते ती पाण्याची चूक. माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, कालवताना पाणी जास्त आणि काम झाल्यावर कमी. सैल माल थापीखाली सहज सरकतो, म्हणून नवशिक्याला तो आवडतो. पण जास्तीचं पाणी उडून गेलं की आत पोकळ्या राहतात आणि ताकद जाते. एम-20 या ताकदीच्या काँक्रीटला सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीमागे 30 लिटरच्या वर पाणी नको, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं.

अमळनेरकडच्या एका गावात एका पोराने मे महिन्यात, भर दुपारी, पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा केला. व्हिडिओत तीन दिवस पाणी मारायला सांगितलं होतं, त्याने तीनच दिवस मारलं. आपल्याकडचं ऊन त्या व्हिडिओत कुठून असणार? पावसाळा संपता संपता भिंतीवर नख ओढलं तरी भुकटी निघायची, बोटाने ठोकलं तर पोकळ वाजायचं. मालकाने सगळा गिलावा तोडायला लावला. पोराची मजुरी गेली आणि गावात पुन्हा काम मिळेना. पोरगा कष्टाळू होता, म्हणून जास्त वाईट वाटलं. शेजारी एखादा जुना मिस्तरी उभा असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, "घाई करू नको भो."

मी पश्चिमेची भिंत सकाळी सावलीतच उरकतो. आदल्या संध्याकाळी ती भिजवून ठेवतो आणि गिलावा धरला की दुपारच्या उन्हाआधी ओलं गोणपाट टांगतो. कोरड्या उन्हाळ्यात काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी लागतं, पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर 14 दिवस. टँकर परवडत नसेल तर काम पुढे ढकला, पाणी तोडू नका.

दुसरी चूक पायाची. तापीकाठची काळी माती कापसाला, केळीला उत्तम, पण पायाखाली वाईट. पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते आणि वरची भिंत कोपऱ्यातून तिरपी तडकते. "पाया तीन फूट घ्या" हे वाक्य इथे कामाचं नाही. मुरूम लागेपर्यंत खणायचं. मुरूम फार खोल निघाला तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. चरीत उतरून माती मुठीत दाबून बघायला उस्तादच शिकवतो, मोबाइलमधून ते हाताला कळत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. कोरडी वीट लावू नका, ती मालातलं पाणी पिऊन टाकते. दोन तासांपूर्वीचा माल पाणी घालून जिवंत करू नका. वीटकाम एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवू नका. काटकोन डोळ्यांनी ठरवू नका. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोरीवर 3 आणि 4 फूट धरले की तिरपं माप बरोबर 5 भरलं पाहिजे.

मिस्तरीच्या हाताखाली राहणारेही चुकतात. वर्षानुवर्षं घमेली वाहतात आणि एकदाही विचारत नाहीत की हे असंच का. विचारा. सांगत नसेल तर दुसरा उस्ताद धरा. नकाशा वाचणं आणि मालाचा हिशोब मात्र बऱ्याच जुन्या मिस्तऱ्यांकडून मिळत नाही. त्यासाठी आयटीआयचा गवंडी ट्रेड करा, नाहीतर पुस्तक घेऊन बसा.

आणि नोंदणी. 18 ते 60 वयाच्या बांधकाम कामगाराला सरकारच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालता येतं, पण मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एकटे फिरणारे तो मागायचंच विसरतात. काम संपलं की त्याच दिवशी ठेकेदाराकडून लिहून घ्या.