रोबो व्हॅक्यूमची तुलना कशी करावी: आधी टेप, मग फोन

रोबो व्हॅक्यूम घ्यायचं ठरलं की लोक पहिल्यांदा पास्कलचा, म्हणजे कचरा ओढण्याच्या जोराचा, आकडा बघतात. एकाचा चार हजार, दुसऱ्याचा दहा हजार, म्हणजे दुसरा भारी. दुकानदारही हेच सांगतो. नातेवाइकांना आणि सोसायटीतल्यांना हे यंत्र निवडून देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे येतं, म्हणून ठामपणे सांगते: पास्कल सगळ्यात शेवटी बघा. घेतलेला रोबो माळ्यावर जातो तो रोज कुठेतरी अडकतो म्हणून. त्याला सोडवायला सारखं उठायचं असेल तर माणूस केरसुणीच हातात घेतो.

म्हणून फोन बाजूला ठेवा आणि मोजायची टेप काढा. दिवाण, सोफा आणि कपाटाखालची उंची लिहून घ्या. डोक्यावर घराचा नकाशा काढणाऱ्या लेझरचा मनोरा असलेला रोबो साधारण साडेनऊ ते दहा सेंटिमीटर उंच असतो. मनोरा नसलेला किंवा मनोरा आत मिटणारा आठच्या आसपास. जेवणाच्या टेबलाखाली खुर्च्यांच्या पायांमध्ये चाळीस सेंटिमीटर जागा असेल तर तो आरामात फिरतो.

आता उंबरठे. इथे घाई करू नका, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस ह्याच एका गोष्टीत गेले आहेत.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये खोल्यांच्या दारात ग्रॅनाइटची पट्टी बसवलेली असते. ती दोन्ही बाजूंनी मोजा. एका बाजूने मोजून भागत नाही. जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवलेल्या घरांत दोन खोल्यांची पातळी वेगळी असते: हॉलकडून पट्टी १२ मिलिमीटर, तर बेडरूमकडून २४. अशा घरात रोबो हॉलमधून टुणकन आत उतरतो, खोली झाडतो आणि परत चढता येत नाही म्हणून दाराशी धडका देत बॅटरी संपवतो. तेव्हा जो आकडा मोठा असेल तोच धरायचा.

माहितीपत्रकात बहुतेक यंत्रांना '२० मिलिमीटरपर्यंत अडथळा पार करतो' असं लिहिलेलं असतं. मी ते सोळा-सतरा धरते. पट्टीची कड उतरती असेल तर चाक तिच्यावर चढतं. कड काटकोनात असेल तर आधी पुढचा बंपर आपटतो, यंत्राला ती भिंत वाटते आणि ते वळून जातं. त्यात मागे ओलं फडकं लावलेलं असेल तर ते पट्टीच्या कडेला अडतं आणि ओल्या लादीवर चाक घसरतं. कोरडा रोबो सहज ओलांडतो तीच पट्टी पुसताना त्याला अडवते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. स्लायडिंग दाराची चॅनेल असेल तर तिच्या खाचाही मोजा. खाच रुंद असेल तर चाक तिच्यात जाऊन बसतं.

चार-सहा सेंटिमीटरचा उंबरठा चढणारी, चाकं उचलणारी यंत्रंही आता आली आहेत, पण ती बरीच महाग असतात. एका दारासाठी तेवढे पैसे घालू नका. सुताराकडून उताराची पट्टी करून घ्या. दोन सेंटिमीटर चढायला दहा-बारा सेंटिमीटर लांबीचा उतार पुरतो. मात्र ती दाराच्या पूर्ण रुंदीची हवी आणि घट्ट चिकटवलेली हवी. अर्ध्या दारात ठेवलेल्या सुट्या पाचरीला घरातली म्हातारी माणसं अडखळतात. रोबोच्या सोयीसाठी कुणाचं हाड मोडायला नको.

उंबरठ्याची दुसरी अडचण त्याच्या रंगात असते, आणि ती तुलनांमध्ये क्वचितच लिहिलेली सापडते. पायऱ्यांवरून पडू नये म्हणून रोबोच्या पोटाला इन्फ्रारेड सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात. किरण परत आला तर जमीन आहे, नाही आला तर खड्डा. काळा ग्रॅनाइट किंवा काळाभोर कडप्पा तो किरण गिळून टाकतो. मग दहा मिलिमीटरच्या पट्टीपुढेही यंत्र कड्यावर आल्यासारखं थांबतं आणि मागे फिरतं. सगळी यंत्रं अडतात असं नाही, पण कुठलं अडेल हे माहितीपत्रकावरून कळत नाही. म्हणून घरात काळी पट्टी किंवा काळी लादी असेल तर घरी येऊन डेमो देणाऱ्याकडूनच घ्या आणि यंत्र पहिल्यांदा त्या पट्टीवरूनच न्यायला लावा.

ह्यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो: सेन्सरवर पांढरा कागद किंवा टेप चिकटवा. माझं ऐकाल तर हे करू नका. कागद लावला की यंत्राला सगळीकडे जमीनच दिसते, जिन्याच्या तोंडाशीसुद्धा. तीन-चार किलोचं यंत्र जिन्यावरून खाली येतं तेव्हा खाली मूल खेळत असू शकतं. त्यापेक्षा यंत्र हाताने उचलून नेऊन ती एक खोली करून घ्या, किंवा पट्टीवर फिक्या रंगाची उताराची फळी बसवा.

उंबरठे मिटले की निम्मी यादी आपोआप गळते. उरलेल्यांत लेझरने नकाशा काढणारंच घ्या. २००२ मध्ये आयरोबोट कंपनीची पहिली रूम्बा आली तेव्हा रोबो आपटत, वळत, अंदाजाने फिरायचे. २०१० मध्ये निएटो कंपनीने लेझरवाला घरगुती रोबो बाजारात आणला. स्वस्तातली काही यंत्रं आजही जुन्याच पद्धतीने फिरतात आणि एक कोपरा तीनदा, दुसरा एकदाही नाही असं करतात. नकाशा असला की देव्हाऱ्यापुढची रांगोळी आणि समई असलेली जागा 'इथे जायचं नाही' अशी आखून देता येते. अंधारातही लेझर चालतो. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या बहुतेकांना उजेड लागतो.

पुसण्याबद्दल अपेक्षा आवरा. मागे ओलं फडकं ओढत नेणारा रोबो लादी फक्त ओलसर करतो. फिरणाऱ्या दोन चकत्यांचा किंवा रोलरचा असेल तर रोजची धूळ आणि पायांचे ठसे निघतात. ओट्याखालचे फोडणीचे तेलकट शिंतोडे मात्र हातानेच घासावे लागतात. टाकीत फिनेल घालू नका. कंपनीने सांगितलेलंच द्रव घाला, नाहीतर नळ्या तुंबतात आणि वॉरंटीचा वाद होतो. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर फडकं गरम हवेने वाळवणारा डॉक (रोबो चार्जिंगला जाऊन बसतो ती बैठक) असलेला घ्या. पावसाळ्यात ओल्या फडक्याला दुसऱ्या दिवशीच कुबट वास येतो.

घरात लांब केसांची माणसं असतील तर रबरी ब्रश बघा. केसाळ ब्रशवरचा गुंता दर आठवड्याला कात्रीने कापावा लागतो.

किंमत बघताना यंत्राबरोबर फिल्टर, बाजूचा ब्रश, मुख्य ब्रश आणि आपोआप कचरा ओढणाऱ्या डॉकची पिशवी यांचेही भाव लिहून काढा. हे सगळं झिजतं आणि दर काही महिन्यांनी बदलावं लागतं. सुटे भाग मिळत नसतील तर ते यंत्र यादीतून काढून टाका, कितीही स्वस्त असलं तरी. सर्व्हिस सेंटर तुमच्या पिनकोडला येतं का हे फोन करून विचारा. अ‍ॅप चालतं कंपनीच्या जिवावर हेही लक्षात ठेवा. ज्या निएटोने लेझर आणला ती कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. पुढे अ‍ॅप चालवणारी तिची इंटरनेटवरची क्लाउड सेवाही थांबली आणि लोकांकडे फक्त बटण दाबून चालणारी यंत्रं उरली. म्हणून अ‍ॅपशिवाय, यंत्रावरच्या बटणाने काय-काय करता येतं ते घेण्याआधी विचारा.

आता पास्कल. तो आकडा कमाल वेगावरचा असतो. त्या वेगावर यंत्र इतका आवाज करतं की कुणी रोज त्यावर चालवत नाही. गालिचा नसलेल्या, टाइल्सच्या घराला तीन-चार हजार भरपूर झाले. खरी परीक्षा सांध्यांची असते. जाहिरातीतल्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर कुठलंही यंत्र छान दिसतं. आपल्या टाइल्सच्या फटींत रवा अडकतो. तेव्हा यंत्र आलं की पहिल्याच दिवशी कचऱ्याचा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, पन्नास ग्रॅम रवा फटींसकट लादीवर पसरा, नेहमीच्या मोडवर दोन फेऱ्या होऊ द्या आणि डबा पुन्हा तोला. वजन पंचेचाळीस ग्रॅमपेक्षा कमी वाढलं तर मी यंत्र ठेवून घेत नाही.

ऑनलाइन घेताना 'परत घेऊ' आणि 'बदलून देऊ' यांतला फरक वाचून घ्या. बऱ्याच ठिकाणी फक्त बदलूनच मिळतं, तेही बिघाड असेल तर. उंबरठा, काळी पट्टी आणि रवा ह्या तिन्ही चाचण्या मुदतीच्या आत उरका, आणि तोवर खोकं रद्दीत देऊ नका.