पंचेचाळिशीनंतर तब्येत सुधारायचीय? मग एका वेळी एकच सवय हातात घ्या

चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी उपाशीपोटीची शुगर ११४ आली, एचबीएवनसी (म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१, बीपी १३८/८८. वय ४५. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाहीये, पण उंबरठ्यावर आहात. म्हणजे असं की उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १२६ पासून पुढे डायबेटिस, आणि त्याच्या मधे जे लोक असतात त्यात मी. एचबीएवनसीचा हा मधला पट्टा ५.७ ते ६.४. माझ्या आईला डायबेटिस, मामांनाही, आणि मामांचा पाय घोट्यापासून काढावा लागला तेव्हा हॉस्पिटलात त्यांच्याजवळ मीच होते, त्यामुळे तो कागद हातात घेऊन रिक्षात बसले तेव्हा पोटात गोळाच आला होता.

मग सोमवारपासून सगळं बंद. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, पहाटे साडेपाचला उठून जिम, वर्षाचे पैसे एकदम भरले. तिथे पहिल्याच आठवड्यात वय न विचारता, गुडघे न बघता मला उड्या मारायला लावल्या, उजवा गुडघा सुजला आणि तीन आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. त्यात घरी सगळ्यांसाठी वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं असं दोनदा रांधायचं. दिवाळीपर्यंत सगळं सुटलं आणि वजन आधीपेक्षा दोन किलोंनी वाढलं. हे मी एवढ्यासाठी सांगतेय की माझ्या वयाच्या किती जणी आणि किती जण याच चक्रात दरवर्षी अडकलेले मी बघते आणि मग स्वतःलाच दोष देतात, की माझ्यातच दम नाही. दमाचा प्रश्न नाहीये, पद्धत चुकते.

नंतर जी पद्धत मला लागू पडली ती अशी. एका वेळी एकच बदल. तो बदल रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधायचा, म्हणजे चहा, कुकर, रात्रीचं जेवण, झोपायच्या आधी गॅस बंद करणं, असं काहीही. आणि तो अंगवळणी पडल्याशिवाय दुसरा सुरू करायचा नाही. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात त्यावर जाऊ नका, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर हे तपासलं होतं तर सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसामाणसांत फरक केवढा तर कुणाला १८ दिवस, कुणाला २५४. त्यातच अजून एक गोष्ट दिसली की मधे एखादा दिवस चुकला तर त्याने काही बिघडत नाही. मी म्हणून प्रत्येक बदलाला दोन महिने देते आणि चुकलेला दिवस मोजत नाही, दुसऱ्या दिवशी परत सुरू.

सुरुवात मात्र मोजण्यापासून करा. उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी, लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ एवढं एकदा करून घ्या. आणि शिंप्याकडे असते तसली टेप आणून कमर मोजा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे. आपल्या लोकांसाठी बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही मर्यादा धरतात, म्हणजे साधारण साडेएकतीस आणि साडेपस्तीस इंच. "मी तर बारीकच आहे" म्हणून हे टाळू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा म्हणजे २२.३ होता, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापून आला होता. हातपाय काटकुळे, पोट पुढे, हा आपला बांधाच असा आहे, म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवा.

माझा पहिला बदल चहाचा. मी दिवसाला चार कप प्यायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे छत्तीसएक ग्रॅम झाली, महिन्याची किलोभर, नुसत्या चहातून, एका माणसाची. एकदम बिनसाखरेचा मला घशाखाली उतरला नव्हता, आधी करून झालं होतं. मग साखरेच्या डब्यातला मोठा चमचा काढून छोटा ठेवला, जो मुलगी लहान असताना औषधाला वापरायचो तो, आणि सपाट भरून दोन घालायला लागले. पंधरा दिवसांनी दीड. अजून पंधरा दिवसांनी एक. जीभ इतकी हळू सरकते की कळतच नाही, आता पाहुण्यांकडे नेहमीचा चहा दिला तर पाक प्यायल्यासारखा वाटतो. ऑफिसात चहावाला आणतो तो आधीच गोड असतो, तिथे काही करता येत नाही, म्हणून त्याच्या दोन कपांतला दुपारचा कप बंद करून त्या वेळी ताक नेते. चहाबरोबरची खारी आणि टोस्ट हा वेगळा विषय आहे, ते चहाच्या नंतरच्या दोन महिन्यांत घेतलं, फुटाण्यांचा डबा ड्रॉवरमध्ये ठेवून.

दुसरी शतपावली. आपल्या आज्या-आजोबांनी शब्दच किती नेमका ठेवलाय. जेवल्यावर चाललं की पायाचे स्नायू रक्तात नुकतीच आलेली साखर वापरून टाकतात, त्यामुळे जेवणानंतरची शुगर कमी चढते, आणि यासाठी भरभर चालायची पण गरज नाही. मी काय केलं, रात्री ताटं सिंकमध्ये ठेवली की ओटा पुसायच्या आधी चप्पल घालायची. आधी ओटा पुसला, की मग सोफा, की मग मोबाईल, हे मला माहीत होतं. पहिले दोन आठवडे फक्त बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं. मग दहा. मग नवरा यायला लागला, कारण दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच व्हायला लागलं, मग आपोआप वीस-पंचवीस मिनिटं. पावसाळ्यात जिन्याच्या खालच्या पॅसेजमध्ये. दहा हजार पावलांचा आकडा बघून घाबरू नका, तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आलेला आहे, डॉक्टरांनी ठरवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते, म्हणजे रोजची बावीस मिनिटंच की.

आता तेल. यात मी सगळ्यात जास्त शिकले म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण फोडणीला तेल कधीच मोजत नाही, किटलीतून धार सोडायची आणि हाताला कळतं तेवढं. मी पहिल्या दिवशी काहीच कमी केलं नाही, फक्त पाच लिटरच्या नवीन कॅनवर मार्करने तारीख लिहिली. तो २९ दिवसांत संपला. घरात चार माणसं, म्हणजे माणशी रोज ४३ मिली, साडेआठ चमचे, आणि बाहेरचं वेगळं. बघून मलाच धक्का बसला, कारण आमच्याकडे तळण आठवड्यातून एकदाच असतं. मग किटलीच्या बाजूला स्टीलचा चमचा ठेवला आणि धार चमच्यातूनच जायची असं ठरवलं. चार जणांच्या भाजीला पाच चमचे, मग काही दिवसांनी चार, मग तीन. भाजी खाली लागायला लागली तेव्हा माझ्या आजीची पद्धत परत आणली, कढईवर खोलगट ताटली ठेवायची, त्यात पाणी ओतायचं आणि मंद आचेवर वाफेत शिजू द्यायची, लागलंच तर तेच गरम पाणी भाजीत. सासूबाई आधी म्हणाल्या होत्या, "अगं तेलाचा तवंग नसेल तर रस्सा रस्सा वाटत नाही," आणि त्यांचं खरंच आहे, म्हणून रविवारच्या रश्शाला मी हात लावला नाही. बाकी सहा दिवसांचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. आता कॅन ४६ दिवस जातो. फायदा चौघांना झाला आणि वेगळा स्वयंपाक कुणासाठीच करावा लागला नाही. लोणचं, पापड, खर्डा यांचं मिठासाठी बघा, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ हवं म्हणजे एक छोटा चमचा, ज्यांचं बीपी वर आहे त्यांनी तर नक्की बघा.

ताटाचं थोडक्यात. आधी काकडी-टोमॅटो-कोशिंबीर, मग उसळ-भाजी, भाकरी-पोळी त्याच्याबरोबर, भात शेवटी आणि वाटीने मोजून. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण भाकरी आहे म्हणून तीन खाल्ल्या तर चालतं असं नाही. आपल्या ताटात कमी पडतं ते प्रोटीन, ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅमच्या आसपास लागतं आणि पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते कितीशी. मोड आलेली मटकी, मूग, चवळी रोज एकदा तरी, दही, आणि खात असाल तर अंडं, एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतं. उपासाला साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, त्याच्याऐवजी मी राजगिऱ्याची भाकरी आणि दही घेते, खिचडी आषाढी एकादशीला.

यानंतर ताकदीचे व्यायाम, आणि बायकांनो हे टाळू नका. पाळी थांबायच्या आगेमागे इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी होतं, हाडं झपाट्याने झिजायला लागतात, चरबी पोटावर सरकते, आणि नुसतं चालून स्नायू राहत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताण पाहिजे. मी हे स्वयंपाकघरातच बसवलं. सकाळी कुकर लावला की खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, पहिल्या शिट्टीपर्यंत. गुडघ्यामुळे सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच केली होती, दिवसाला पाच वेळा, बस्स. दूध तापेपर्यंत टाचा वर-खाली. ओट्याच्या कडेला हात टेकून, पाय मागे घेऊन, छाती ओट्याकडे नेऊन परत मागे, हे दहा वेळा. दूध उतू जायचं टेन्शन असतंच त्यामुळे लक्षही तिथेच राहतं आणि विसरत नाही. सात-आठ महिन्यांनी गुडघा तयार झाल्यावर सूर्यनमस्कार, दोनपासून सुरुवात. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत ते सुरू केले होते, पण ती शाळेतली मुलं होती, आपण पहिल्या दिवशी बारा घालायला जाऊ नये.

झोप मी फार उशिरा मनावर घेतली, ते आधी करायला हवं होतं. मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, घंटीचं घड्याळ उशाशी, आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी आडवं व्हायचं. साडेबाराची अकरा व्हायला दीड महिना लागला. झोप पुरी झाली की दुपारी चारला गोड खायची जी ओढ लागायची ती निम्म्याने कमी झाली, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

काही गोष्टींत मात्र हळूहळू चालत नाही. चालताना छातीत दाब येतो, डाव्या हातात कळ जाते, एक जिना चढून धाप लागते तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि खाणं कमी करणार असाल तर डोस डॉक्टरांना विचारूनच, नाहीतर शुगर एकदम खाली जाते. तंबाखू, मिश्री, सिगरेट यांना "थोडी थोडी कमी करते" म्हणत वर्षं काढू नका, तारीख ठरवा आणि मदत मागा, सरकारची फुकट हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६.

पहिल्या सहा महिन्यांत वजन फक्त दीड किलो उतरलं होतं, तेव्हा सोडून द्यावंसं वाटलं, पण टेप बघितली तर कमर ३७ वरून ३५ झाली होती. आता साडेतेहतीस आहे, अजून दोन इंच जायचेत. शुगर ९७, एचबीएवनसी ५.६, वजन चार वर्षांत पाच किलो कमी. लग्नसराईत आणि गणपतीत मी मोजत बसत नाही, उकडीचे मोदक दोन खाते, तूप घालून, आणि त्या दिवशी शतपावली चुकवत नाही. बाहेरगावी पाहुण्यांकडे गेलं की कुकर नाही, ओटा नाही, म्हणजे ज्याला सवय बांधलीय ते कामच नसतं, तिथे मी दात घासताना टाचा वर-खाली करते, दात तर कुठेही घासायचेच असतात. परत आल्यावर पहिल्या सकाळी कुकरजवळ खुर्ची ओढून ठेवायची, बाकी सगळं एक-दोन दिवसांत जागेवर येतं.