इलेक्ट्रिक गाडी बुक केलीत? तारीख पेन्सिलनं लिहा

आमच्या गाडीच्या डिलिव्हरीची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनानं, भोवती गोल काढून लिहिली होती. ती खोडली, दुसरी लिहिली, तीही खोडली. चौथ्या खेपेला पानच फाटलं. बुकिंगच्या वेळी ११ आठवडे सांगितले होते, लागले २७. मधल्या काळात मी शोरूमला किती फोन केले याचा हिशोब नवऱ्याकडे आहे, मी तो ऐकून घेत नाही.

गाडी कोणती घ्यावी हे मी सांगणार नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. सही केल्यापासून किल्ली हातात पडेपर्यंत काय करायचं, एवढंच सांगते.

सही करण्याआधी

पत्रकावरचा रेंजचा आकडा, म्हणजे एकदा पूर्ण भरल्यावर गाडी किती किलोमीटर जाते तो, घ्या आणि घरच्या घरी त्याची कापाकापी करा. हा आकडा ठरवायला युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी आली. ती आधीच्या चाचणीपेक्षा बरी आहे, पण शेवटी ती होते प्रयोगशाळेत, २३ अंश तापमानाला, रोलरवर. हायवेला वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि थंडीत हीटर वेगळी वीज खातो. आमच्या पत्रकावर ४५० किलोमीटर होते. हायवेसाठी मी त्याचे पाऊणपट धरले, म्हणजे साधारण ३४०. शिवाय लांबच्या प्रवासात आपण दर वेळी पूर्ण भरून पूर्ण रिकामी करत नाही. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग पडतो म्हणून ८० ला निघायचं, आणि १० टक्के उरले की पुढचा चार्जर गाठायचा. हाती राहिले ७० टक्के, म्हणजे २४० च्या आसपास. ‘दोन चार्जरांमधलं अंतर २४०’ हे मान्य असेल तर गाडी घ्या. मला होतं. नणंदेला नव्हतं, तिनं हायब्रिड घेतली आणि ती मजेत आहे.

दुसरा प्रश्न विक्रेत्याला विचारा: गाडीतला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॉटचा? भिंतीवर लावतो त्या खोक्याला आपण चार्जर म्हणतो खरं, पण तो गाडीला वीज सुरक्षितपणे देतो, इतकंच. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. तो ७.४ किलोवॉटचा असेल तर २२ किलोवॉटच्या एसी चार्जिंगच्या खांबाला जोडूनही गाडी ७.४ नंच भरेल. हे आधी कळलं नाही तर भिंतीवर उगाच महागडं खोकं लागतं.

तिसरं, बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी. हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार, आतलं रसायन वेगळं. एलएफपीवाल्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा लिहिलेलं असतं की अधूनमधून १०० टक्के भरा, कारण तिचं व्होल्टेज बराच काळ सपाट राहतं आणि गाडीला उरलेल्या चार्जचा नीट अंदाज येत नाही. एनएमसीला रोज ८० टक्क्यांवर थांबवलेलं बरं. आपल्या गाडीचं मॅन्युअल आत्ताच डाउनलोड करून वाचा, पुढे भरपूर वेळ मिळणार आहे.

आता कागद. बुकिंग रद्द केलं तर आगाऊ रक्कम किती परत मिळेल, किंमत बुकिंगच्या दिवशीची लागेल की डिलिव्हरीच्या, उशिरा आली तर कंपनी काय करेल, आणि मधेच नवं मॉडेल आलं तर तुम्हाला कुठलं मिळेल, ही चार उत्तरं तोंडी घेऊ नका. मी घरी आल्यावर विक्रेत्याला एक ईमेल केला, ‘आज आपलं असं असं बोलणं ठरलं’, आणि त्यानं ‘हो, बरोबर’ असं उत्तर दिलं. पुढे किंमत वाढली तेव्हा त्या दोन शब्दांनी आम्हाला वाचवलं.

घाई असेल तर रंगाचा हट्ट सोडा. आमच्या उशिराचं निम्मं कारण मीच होते. मला निळाच रंग हवा होता, आणि आत फिकट सीटा. अशी जोडी कारखाना रोज काढत नाही. ‘कुणाचं बुकिंग रद्द होऊन मोकळी झालेली गाडी आहे का?’ हे विचारायचं मला फार उशिरा सुचलं.

गाडीआधी वायर

वाट पाहण्याच्या काळातलं खरं काम हे, आणि ते बुकिंगच्या दुसऱ्याच दिवशी सुरू करा. गाडी उशिरा आली तर कुरकुर करता येते, पण गाडी दारात आणि चार्जिंगची सोय नाही म्हटल्यावर बोलायलाही तोंड राहत नाही.

आधी आकडेमोड. आमची बॅटरी ६० युनिटची. २० टक्क्यांवरून ८० वर न्यायची तर ३६ युनिट लागतात. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून ४०. साध्या सॉकेटवर १० अँपियरनं, म्हणजे २.३ किलोवॉटनं, १७ तासांहून जास्त. ३२ अँपियरच्या, म्हणजे ७.४ किलोवॉटच्या, खोक्यावर साडेपाच तास. ऐकायला फरक प्रचंड वाटतो. पण रोज ४० किलोमीटर चालवणाऱ्याला लागतात सहा-सात युनिट, आणि ती हळू सॉकेटवरही तीन तासांत भरतात. तेव्हा खोकं हवंच असं नाही. स्वतंत्र वायर मात्र हवीच हवी.

का, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या पार्किंगमध्ये जुनं १६ अँपियरचं सॉकेट होतं. इलेक्ट्रिशियननं ते उघडून माझ्या हातात दिलं. बाहेरून पांढरंशुभ्र, आत एका पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. ‘गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो,’ तो म्हणाला, ‘तुमची गाडी रात्रभर सलग ओढणार.’ मग त्यानं मीटरची एक पिन न्यूट्रलला आणि दुसरी अर्थिंगला लावली. आकडा आला १८ व्होल्ट. तो एक-दोनच्या आसपास असायला हवा. अर्थिंग कच्चं असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंगच सुरू करत नाहीत, आणि लोक गाडीला दोष देत बसतात. आमचं अर्थिंग नव्यानं करावं लागलं. त्यात एक आठवडा गेला, पण तेव्हा आठवड्यांना काही तोटा नव्हता.

मीटरपासून पार्किंगपर्यंत २२ मीटर. त्यानं ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली. अंतर याहून बरंच जास्त असेल तर जाड वायर लागते, त्यात कंजुषी नको. स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, घ्या, आणि आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की तोडणारा, निवडताना एक विचारून घ्या. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी गळती होऊ शकते आणि साधी एसी प्रकारची आरसीसीबी तिच्यामुळे आंधळी होते. म्हणून एकतर बी प्रकारची लागते, किंवा खोक्यातच ६ मिलिअँपियर डीसी ओळखण्याची सोय असेल तर ए प्रकारची चालते. इलेक्ट्रिशियन ‘काही फरक पडत नाही’ म्हणाला तर इलेक्ट्रिशियन बदला.

घराचा मंजूर भार तपासा. ७.४ किलोवॉटचं खोकं घराच्या एकूण मंजुरीहून मोठं निघू शकतं. वाढीव भाराचा अर्ज, इमारतीत राहत असाल तर बाकीच्यांची परवानगी, या गोष्टी आपल्या गतीनं चालतात आणि गाडीपेक्षाही हळू.

एक गंमत सांगते, पण उपयोगाची आहे. मी पत्रकावरून गाडीची लांबी-रुंदी घेतली आणि पार्किंगच्या फरशीवर खडूनं तेवढा चौकोन आखला. चार्जिंगचं झाकण जिथे येतं तिथे फुली मारली. डावीकडे, मागच्या चाकाच्या वर. आणि आम्ही खोकं लावणार होतो उजव्या भिंतीवर, पुढे! पाच मीटरची केबल गाडीला वळसा घालून पोचलीच नसती. मग उलटी गाडी लावायची असं ठरवून पाहिलं, तर दार खांबाला लागत होतं. शेवटी खोक्याची जागा बदलली. पुढचे कित्येक आठवडे इमारतीतली मुलं त्या चौकोनात उड्या मारत होती. पुसट झाला की मी पुन्हा गिरवायचे.

गाडी सध्या कुठे आहे?

‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर नाही. विचारायचं ते टप्प्याचं: उत्पादनाचा क्रमांक लागला का, गाडी बनली का, कारखान्याच्या आवारात आहे, जहाजावर आहे की ट्रकवर. यातला खरा मैलाचा दगड म्हणजे व्हीआयएन, म्हणजे चॅसी नंबर. तो मिळाला की तुमच्या नावाची एक ठरावीक गाडी जगात आहे, किंवा लवकरच होणार आहे. त्यात १७ अक्षरं-आकडे असतात आणि आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. मला विक्रेत्यानं हातानं लिहून पाठवलेल्या नंबरात चक्क ओ होता. विमावाल्याचा अर्ज त्यावर दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी ओच्या जागी शून्य घातलं.

उशिराची कारणं नेहमीच खोटी नसतात. २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून जगभरचे कारखाने अडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ या जहाजाला अटलांटिकमध्ये आग लागली आणि सुमारे ४,००० गाड्या घेऊन ते मार्चच्या पहिल्या तारखेला बुडालं. २०२३ च्या अखेरपासून तांबडा समुद्र टाळून कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. आपली गाडी जहाजानं येत असेल तर हे सगळं आपल्या कॅलेंडरवर उतरतं.

जुनी गाडी मात्र नवी दारात येईपर्यंत विकू नका. आम्ही नवव्या आठवड्यात विकली, गिऱ्हाईक चांगलं मिळालं म्हणून. पुढचे १८ आठवडे धाकट्या दिराची गाडी मागून मागून नेली. तो काही बोलला नाही. जाऊबाई बोलल्या. विकत घेणाऱ्याकडून ‘नवी आल्यावर ताबा देऊ’ असं लिहून घेता आलं तर ठीक, नाहीतर थांबा. तसंच कर्जाचं: मंजुरीपत्राला मुदत असते. आमची संपली आणि नव्या पत्रावर व्याजदर वेगळा आला. मंजुरी व्हीआयएन हातात आल्यावर पक्की करा.

ताबा घेताना

दिवसाउजेडी जा. संध्याकाळी शोरूमच्या झगमगाटात रंगातले ओरखडे दिसत नाहीत. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. फार जुना निघाला तर गाडी कुठेतरी उभी होती असं समजा आणि बनल्याची तारीख विचारा. स्टेपनी आहे का पाहा, बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत नुसतं पंक्चरचं किट असतं. चार्जिंगची केबल, दोन किल्ल्या, ॲपवर गाडी तुमच्या नावानं. आमच्या ॲपवर आधी शोरूमचंच खातं जोडलेलं निघालं.

आणि सही करण्याआधी गाडी तिथेच चार्जिंगला लावून दाखवायला सांगा. शक्य असेल तर घरच्यासारखं एसी आणि फास्ट चार्जरचं डीसी, दोन्ही. हा हट्ट धराच.

आमच्या वेळी तिथवर पोचलोच नाही. हार घातलेली गाडी, स्क्रीनवर मोठी बॅटरी ५८ टक्के, मी आत बसले, बटण दाबलं, दिवे एकदा लुकलुकले आणि सगळं काळं. अर्ध्याहून जास्त भरलेली बॅटरी पोटात असून गाडी हलेना. दोष होता छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा. मोठ्या बॅटरीचा मार्ग उघडणारे स्विच याच छोटीवर चालतात. महिनोन्‌महिने जहाजात, आवारात उभ्या राहिलेल्या गाडीत ती हळूहळू मरते. लिथियमची मोठी बॅटरी अर्धी भरून ठेवली तर निवांत टिकते. तिथल्या माणसानं दुसऱ्या गाडीवरून वीज देऊन सुरू केली आणि म्हणाला, चालवत राहा, भरेल. मी उतरले. एकदा पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा दगा देते. नवीन टाकून द्या, मग नेते, एवढंच सांगितलं. तीन दिवस लागले. घरी जाऊन कॅलेंडरवरची तारीख पुन्हा खोडली, पण तोवर मी पेन्सिल वापरायला लागले होते, त्यामुळे खोडरबरानं काम झालं.

पहिल्या रात्री गाडी चार्जिंगला लावून सरळ झोपू नका. अर्ध्या तासानं आणि मग तासाभरानं खाली उतरा. खोक्याला, केबलीला, एमसीबीच्या डब्याला हात लावून पाहा, साधं सॉकेट वापरत असाल तर प्लगला तर नक्कीच. कोमट लागलं तर चालतं. हात ठेववत नसेल किंवा वास येत असेल तर चार्जिंग बंद करा आणि सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मी साडेअकराला गाऊनवर खाली गेले होते. सगळं कोमट होतं, आणि मागच्या डाव्या चाकाखाली खडूची रेघ अजून दिसत होती.