मॉलमधलं इंग्रजी: सुरुवात पाट्यांपासून

आईला मॉलमध्ये एकटीनं जाता यावं म्हणून मी तिला हे शब्द शिकवले. त्याच क्रमानं सांगते.

आधी सवलतीच्या पाट्या, कारण फसगत तिथेच होते. 'फ्लॅट फिफ्टी पर्सेंट ऑफ' म्हणजे त्या पाटीखालचा सगळा माल निम्म्या किमतीत. 'अप टू फिफ्टी' म्हणजे जास्तीत जास्त ५० टक्के. तुमच्या हातातल्या कपड्यावर १० टक्केच असू शकतात. हे 'अप टू' बारीक अक्षरात असतं, शोधून वाचा. 'फिफ्टी प्लस ट्वेंटी' म्हणजे ७० नव्हे. १००चे आधी ५० झाले, मग त्या ५०वर २० टक्के सूट, म्हणजे द्यायचे ४०. एकूण सूट ६० टक्के. आईला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पटलं.

विक्रेता मागेमागे आला तर 'जस्ट लुकिंग, थँक यू' (नुसतं बघतेय) एवढं पुरे. मोठं माप हवं तर 'डू यू हॅव धिस इन अ लार्जर साइज?' घालून बघायची जागा म्हणजे 'फिटिंग रूम' किंवा 'ट्रायल रूम'.

पैसे देण्याआधीचा एक प्रश्न मात्र पाठच करा: 'कॅन आय रिटर्न धिस?' म्हणजे हे परत करता येईल का? उत्तरात 'रीफंड' ऐकू आलं तर पैसे परत. 'एक्स्चेंज' म्हणजे वस्तू बदलून. 'स्टोअर क्रेडिट' म्हणजे तेवढ्या रकमेची खरेदी त्याच दुकानात. 'फायनल सेल' लिहिलं असेल तर वस्तू परत घेत नाहीत. आणि 'रिसीट' म्हणजे पावती जपून ठेवा. स्पेलिंगमध्ये 'पी' आहे, उच्चारात नाही.