धुरा जाळताना धूर कसा आवरावा

कापसाचा हंगाम संपून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटून झाली की नागपूर जिल्ह्यात धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, वाळके गवत पेटवण्याची लगबग सुरू होते. पऱ्हाटी जाळण्याची गरज बहुधा नसते. श्रेडरने तिचा भुगा करून कंपोस्टमध्ये कुजवला तर गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो आणि खतही मिळते. जे जाळण्यावाचून गत्यंतर नाही, तेवढेच ग्रामपंचायतीला आणि जंगल लागून असल्यास वनरक्षकाला कळवून जाळावे.

सर्वांत आधी वेळ ठरवावी. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर घरांच्या उंचीवरच कोंडतो. म्हणून कामे आटोपल्यावर सायंकाळी काडी लावणे कितीही सोयीचे असले तरी तीच सर्वांत वाईट वेळ होय. ऊन चढल्यावर, अकराच्या सुमारास सुरुवात करून तीनपर्यंत आग विझवावी. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारची वावटळ ठिणगी कुठेही नेते, शिवाय १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी वणव्याचा काळ असतो. तेव्हा हे काम फेब्रुवारीच्या मध्यापूर्वीच उरकावे.

त्या दिवशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर नागपूरचा हवा निर्देशांक पाहावा आणि तो २०० च्या वर असल्यास बेत पुढे ढकलावा. वारा पडलेला नसावा, सोसाट्याचाही नसावा, आणि त्याचा रोख वस्ती, शाळा व हमरस्ता यांच्याकडे नसावा. शेजारी कोणाला दमा असेल तर आदल्या दिवशीच सांगावे.

जाळायचे गवत कडक वाळलेले हवे, कारण ओला किंवा मातीने माखलेला काडीकचरा पेट न घेता धुमसतो आणि सर्वाधिक धूर धुमसण्यातूनच निघतो. ठिबकच्या नळ्या व खताची पोती आधी वेचून काढावीत. त्यांचा धूर विषारी असतो. दोन्ही बाजूंची जमीन नांगरून मोकळी करावी आणि एका वेळी छोटाच पट्टा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, जाळत न्यावा. आग अशी सावकाश सरकली की गवत पुरते जळते आणि धूर कमी होतो.

ज्वाळा विझल्या की लोक घरी जातात, आणि रात्रभर गावाला खोकायला लावणारा धूर त्यानंतरच सुरू होतो. त्यामुळे राख उलथून पाणी मारावे, तासाभराने तळहात जवळ नेऊन धग उरली नाही ना हे पाहावे. आग जंगलाकडे सरकलीच तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे.