हिवाळ्यात पाटण आणि भक्तपूर: चार दिवसांची नेपाळ सहल कशी आखावी

नेपाळ म्हटलं की आपल्याकडे पशुपतिनाथ, पोखरा आणि जमलं तर मुक्तिनाथ असा बेत ठरलेला असतो. काठमांडूजवळची पाटण आणि भक्तपूर या मल्ल राजांच्या जुन्या राजधान्या, पण त्या वाटेत अर्ध्या दिवसात उरकल्या जातात. आमची पहिली खेपही तशीच गेली. दुसऱ्या खेपेला भक्तपुरात दोन रात्री राहिलो, तेव्हा कळलं की हे गाव सकाळी सातला आणि रात्री जेवणानंतर बघायचं असतं. दुपारी तिथे फक्त गर्दी दिसते.

१. आधी तिथी बघा, मग तारीख

डिसेंबर-जानेवारीत पाऊस जवळजवळ नसतो. दिवसा एका स्वेटरवर भागतं, पण रात्री पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. शक्य असेल तर मार्गशीर्ष पौर्णिमा धरून जा. आपली दत्तजयंती तीच या खोऱ्यातल्या मूळच्या नेवार लोकांची योमरी पुन्ही, म्हणजे योमरीची पौर्णिमा. नव्या तांदळाच्या पिठाची उकड, आत तीळ आणि चाकू म्हणजे उसाच्या रसाचा घट्ट पाक, आणि वाफेवर उकडलेला लांबट, टोकदार योमरी. उकडीच्या मोदकावर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासातच ओळख पटते. ही पौर्णिमा हुकली तर संक्रांत आहे. तिथली माघे संक्रांती आपल्याच संक्रांतीच्या सुमारास येते आणि घरोघरी तूप, चाकू, तिळाचे लाडू आणि उकडलेले कंद खातात.

२. कागदपत्रं आणि पैसे

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. मोठ्या माणसांनी आधार कार्डावर विसंबून राहू नये. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर १९९३पासून बांधलेला आहे. भाव विचारताना 'आयसी की एनसी?' हे आधी विचारा. आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी म्हणजे त्यांचे. आपल्या शंभराच्या नोटा सोबत ठेवा. बऱ्याच दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआयही चालतं. आणि उतरल्यावर घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

३. जाणं-येणं

सवड असेल तर रेल्वेने गोरखपूर आणि तिथून सोनौलीची सीमा हा मार्ग आहेच, पण चार दिवसांच्या सहलीला विमानच बरं. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मागून घ्या. आकाश मोकळं असेल तर हिमालयाची रांग बराच वेळ सोबत राहते. हिवाळ्यात काठमांडूत सकाळी धुकं दाटतं आणि दिल्लीतही तीच गत असते. म्हणून दोन्ही वेळा दुपारचं विमान घ्या आणि वाटेत विमान बदलायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ हाताशी ठेवा.

४. पहिले दोन दिवस पाटण

सरकारदरबारी नाव ललितपूर. मुक्काम दरबार चौकाजवळच्या गल्लीत करा. खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: हिटर आहे का, सिरक म्हणजे जाड रजई मिळेल का, आणि गरम पाणी किती वाजता येतं. पुष्कळ ठिकाणी पाणी सौरऊर्जेवर तापतं, तेव्हा आंघोळ संध्याकाळी उरकलेली बरी.

चौकातलं कृष्ण मंदिर सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ साली बांधलं, आणि आसपासच्या विटा-लाकडाच्या देवळांत ते पूर्ण दगडी आहे. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत कोरलंय, त्यावरच्या मजल्यावर रामायण. घाई न करता भोवती फिरा. एकेक प्रसंग ओळखता येतो. जवळच खोलगट हितीत, म्हणजे जुन्या पाणवठ्यात, पायऱ्या उतरून दगडी मकरमुखांतून पडणारं पाणी बघा. जुन्या राजवाड्यातल्या पाटण संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्या. हिरण्यवर्ण महाविहारात मात्र भल्या सकाळी जा.

खाण्याबद्दल एक सूचना. मोमोत आणि नेवारी ताटात बहुतेकदा म्हशीचं मांस असतं. शाकाहारी असाल तर आधी स्पष्ट सांगा. 'बारा' म्हणजे डाळीचं जाडसर धिरडं आणि तांदळाच्या पिठाची चटामरी मांसाशिवाय करून देतात, आणि दोन्ही चवीला फार छान लागतात.

५. पुढचे दोन दिवस भक्तपूर

पाटणहून टॅक्सी करा. वेशीवर तिकीट घेताना ओळखपत्र दाखवा, कारण सार्क देशांच्या नागरिकांना दर कमी आहे. मुक्काम करणार आहोत हे तिथेच सांगून तिकीट पुढच्या दिवसांसाठी चालवून घ्या.

सुरुवात तचपाल चौकातल्या दत्तात्रेय मंदिरापासून करा. हे पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्लाच्या काळातलं देऊळ. एकाच झाडाच्या लाकडातून उभं राहिलं असं गावकरी सांगतात. दाराशी दोन दगडी मल्ल, म्हणजे पैलवान, आणि समोर खांबावर गरुड. नृसिंहवाडी-गाणगापूरच्या दत्ताला जाणाऱ्या आपल्या माणसाला इथे हात जोडताना परकं वाटत नाही. शेजारच्या अरुंद बोळात पुजारी मठाची मयूर-खिडकी आहे. मान वर केल्याशिवाय ती दिसत नाही.

मग टौमढी चौकातलं न्यातपोल. भूपतींद्र मल्लाचं हे पाच छपरांचं देऊळ १७०२ सालचं, आणि २०१५च्या भूकंपातही ते उभं राहिलं. पायऱ्यांवर खालून मल्ल, हत्ती, सिंह, शार्दूल आणि देवी अशा जोड्या आहेत. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दसपट बलवान मानतात. सकाळी इथे काळ्या टोप्या घातलेली म्हातारी माणसं ऊन खात बसतात. बायकांच्या अंगावर हाकु पटासी ही लाल काठाची काळी साडी असते, थेट आपल्या चंद्रकळेची आठवण करून देणारी. कुंभारांच्या चौकात कच्ची मडकी ओळीने उन्हात मांडलेली असतात. त्यांच्यामधून पाय जपून टाका.

वेळ उरला तर चांगुनारायणच्या देवळात जा. तिथे मानदेव राजाचा इसवी सन ४६४चा शिलालेख आहे. सूर्योदयाची हौस असेल तर भक्तपुरातल्या कमलविनायकहून डोंगरावरच्या नगरकोटला गाडी मिळते.

६. निघायची सकाळ

विमानतळ काठमांडू आणि भक्तपूर यांच्या मध्ये आहे, म्हणून शेवटची रात्र भक्तपुरातच काढा. त्या सकाळी जुजु धौ, म्हणजे दह्यांचा राजा, मागवा. म्हशीच्या दुधाचं हे गोडसर दही मातीच्या कुंड्यात लावतात. माती पाणी ओढून घेते, त्यामुळे चमचा घातला तरी कडा ढासळत नाही. हातसामानात ते नेऊ देणार नाहीत, तेव्हा दोघांत एक कुंडा घेऊन तिथेच उन्हात बसून संपवा.